तोटीसकट किटली

पहिल्या किटलीचे सतरा तुकडे झाले होते. हा आकडा माझा नाही, परदेशातल्या दुकानवाल्या बाईंचा. त्यांनी ते तुकडे पांढऱ्या कापडावर ओळीने मांडून, वरून फोटो काढून मला पाठवला होता. फोटो इतका नीटनेटका होता की क्षणभर वाटलं, किटली मुळात अशीच असते आणि आपण उगाच ती जोडून विकतो.

दुसरी किटली पोचली ती धड पोचली, म्हणजे धड तेवढं पोचलं. तोटी वेगळी.

त्यानंतर बाईंचं पत्र आलं. पत्र फार सभ्य होतं, आणि सभ्य पत्रांची मला आधीपासूनच धास्ती आहे. "तुमचा निळा रंग माझ्या मनातून जात नाही. पण माझ्या गिऱ्हाइकांना किटलीतून चहा ओतायचा असतो. महिनाअखेरीपर्यंत एक किटली तोटीसकट पोचवा, मी चाळीस घेते. नाही पोचली, तर आपण एकमेकींना शुभेच्छा देऊ आणि थांबू."

शुभेच्छा देऊ आणि थांबू! कॉलेजात मला परीक्षेत कमी गुण पडले, मुलाखतीत नकार मिळाले, पण इतक्या गोड शब्दांत माझ्या तोंडावर कोणी दार लावून घेतलं नव्हतं. मी त्याच क्षणी ठरवलं की तिसरी किटली पोचणार. तोटीसकट, कानासकट, झाकणासकट. मग घर इकडचं तिकडे झालं तरी चालेल.

घर खरोखरच इकडचं तिकडे झालं. पण ते पुढे.

आमच्या घरात आम्ही चौघं. मी, नवरा, सासूबाई म्हणजे आई, आणि आमची साडेतीन वर्षांची मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती चालत नाही, फिरते. मातीच्या किटल्या मी गॅलरीत करते. नवरा मोजमापाच्या उपकरणांच्या कंपनीत आहे, त्यामुळे घरात मिठाची चिमूटसुद्धा त्याच्या वजनकाट्यावरून जाते. आणि आई टेबल पुसतात. म्हणजे त्या बाकीही पुष्कळ करतात, पण या गोष्टीपुरतं महत्त्वाचं तेवढंच. टेबलावर काहीही असो, दर अर्ध्या तासाने त्या ते उचलतात, खालून फडकं फिरवतात, आणि परत ठेवतात. एकदा नवरा टेबलावर डोकं टेकून झोपला होता, तर त्याचंही डोकं उचलून पुसून ठेवलं होतं.

पॅकिंगचा अभ्यास मी परीक्षेला बसावं तसा केला. रात्रंदिवस मुलीच्या मागे "पडशील, लागेल" करत धावणाऱ्या बाईला हा विषय अवघड नव्हता. किटली आणि मूल यांत फरक एवढाच की किटली एका जागी बसते. तत्त्व एकच: आत काही हलता कामा नये आणि बाहेरचं काही आत पोचता कामा नये. तोटीच्या पोकळीत कागदाचे बोळे. झाकण वेगळं गुंडाळायचं. कानाच्या भोकातून बबल रॅपची वळकटी. मग सगळ्याला तीन पदरी बबल रॅप. मग एक खोकं. त्या खोक्याभोवती चार बोटं मोकळी जागा ठेवून तिच्यात थर्माकोलचे मणी ठासायचे, आणि मग बाहेरचं मोठं खोकं.

पण आतल्या खोक्याच्या आठ कोपऱ्यांना काय लावायचं? मार कोपऱ्यावर बसतो, हे मी वाचलं होतं. मी घरभर नजर फिरवली आणि ती टेबलाच्या कोपऱ्यावर थांबली. तिथे मऊ रबरी टोपी होती. भिंगरी चालायला लागली त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येक कोपऱ्याला ती टोपी चढवली होती. टेबलाला चार, टीपॉयला चार, टीव्हीच्या कपाटाला चार, पलंगाला चार. कोपरा जगातल्या कोणत्याही खोक्याचा असो, या टोप्यांनी राखला असता.

"तू त्या काढणार?" नवऱ्याने डोळे विस्फारले. "मी मागे सहज एक काढली होती तर तू दोन दिवस बोलत नव्हतीस."

"तू सहज काढली होतीस," मी म्हटलं. "मी विचारपूर्वक काढतेय."

आणि शेवटी, माझं सगळ्यांत लाडकं काम: उघडण्याची कृती. मला दाट संशय होता की दुसऱ्या किटलीची तोटी प्रवासात मोडलीच नव्हती, ती तिकडे कोणीतरी तोटीला धरून किटली बाहेर ओढल्यावर मोडली होती. म्हणून मी एका मोठ्या कागदावर चौदा पायऱ्या काढल्या. शब्द एकही नाही, नुसती चित्रं, म्हणजे कुठल्याही देशातल्या माणसाला कळावं. प्रत्येक चित्राशेजारी खूण करायला एक चौकोन.

नवऱ्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "किटली आहे की क्षेपणास्त्र?"

"आणि हे चौकोन कशाला?" आई म्हणाल्या. "लोक काय पेन्सिल घेऊन पार्सल उघडतात?"

"शहाणी माणसं उघडतात," मी म्हटलं, आणि माझा अपमान गिळला. गिळताना जरा अडकला.

आता या इमारतीत कुठल्याही घरात काही शिजत असलं तर ते ढवळायला दोन माणसं येतातच. तळमजल्यावरचे पोस्टकाका, पस्तीस वर्षं पार्सल विभागात काढून निवृत्त झालेले. आणि समोरच्या दारातल्या बदलीकाकू, ज्यांनी नवऱ्याच्या बदल्यांपायी बारा बिऱ्हाडं बांधली आणि सोडली.

"कपड्यांत गुंडाळ," बदलीकाकू म्हणाल्या. "माझं काचेचं झुंबर अकरा वेळा रजईत फिरलं. एक लोलक गेला नाही."

"काकू, पण तुमच्याकडे झुंबर कुठे आहे?"

"बाराव्या वेळी मजुरांनी रजई म्हणून गच्चीवरून खाली टाकली."

पोस्टकाकांनी खोकं हातात घेतलं, कानाशी हलवलं, वास घेतला. "सूनबाई, पॅकिंग बरं आहे. पण याची परीक्षा घेतलीत का? पार्सलला प्रवासात काय काय होतं, मला विचारा. मी स्वतः केलंय."

माझ्या अंगावर काटा आला. पण परीक्षा ही कल्पना मला एकदम पटली. मी वाचलंच होतं: टेबलाच्या उंचीवरून दहा वेळा पाडायचं, एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा बाजूंवर. काकांनी त्यात स्वतःची अकरावी भर घातली: जिन्याच्या बारा पायऱ्या गडगडत.

अर्थात खरी किटली कोण जिन्यावरून टाकणार? म्हणून ठरलं, हुबेहूब दुसरं खोकं करायचं. तेच पुठ्ठे, तेच मणी, त्याच टोप्या, तोच चौदा पायऱ्यांचा कागद. "नमुना म्हणजे नमुना," काका म्हणाले. "एक कागद कमी असला तरी मी निकाल मान्य करणार नाही." आत किटलीऐवजी मी वीट ठेवणार होते.

"वीट?" आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "वीट फुटली नाही, याने काय सिद्ध होणार? वीट फुटतच नाही."

मी हातातली वीट खाली ठेवली. आई आत गेल्या आणि स्वतःची किटली घेऊन आल्या. पांढरी, चिनी मातीची, लग्नात आलेली. कडेला एक टवका गेलेला, झाकणाला दोरा बांधलेला, म्हणजे ओतताना झाकण पडू नये. त्या किटलीला घरात आईंशिवाय कोणी हात लावत नसे. मी एकदा धुवायला घेतली होती तर माझ्या हातातून काढून घेतली होती, बोलल्या काही नव्हत्या, नुसती काढून घेतली होती.

"ही ठेव."

"आई, जिन्यावरून टाकायचीय."

"ऐकलंय मी. तुझं ते चौकोनांचं शास्त्र खरं असेल तर फुटणार नाही. आणि खोटं असेल तर आत्ताच कळलेलं बरं." आणि टेबल पुसायला लागल्या.

माझा ऊर त्या दिवशी उगाच भरून आला. पण भावनेला वेळ नव्हता. परदेशी पार्सलांचा काउंटर फक्त शुक्रवारी उघडा असतो, तोही तीनपर्यंत, आणि हा महिनाअखेरीआधी पोचवणारा शेवटचा शुक्रवार होता.

नवऱ्याने दोन्ही खोकी काट्यावर ठेवली. आईंच्या किटलीचं खोकं एकशे शहाऐंशी ग्रॅमने हलकं भरलं.

"असू दे ना," मी म्हटलं.

"असू दे? पडण्याचा वेग नाही, पण आघात वस्तुमानावर अवलंबून असतो." तो स्वयंपाकघरात गेला, टोपलीतले सगळे बटाटे एकेक करून काट्यावर चढवले, आणि बरोब्बर एकशे शहाऐंशी ग्रॅमचा बटाटा भिंगरीच्या लोकरी मोज्यात घालून आईंच्या किटलीच्या पोटात बसवला. दोन्ही खोकी ग्रॅमला ग्रॅम सारखी. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता.

चाचणीच्या खोक्यावर मी लाल पेनाने मोठी फुली मारली. पोस्टकाका किंचाळलेच. "पार्सलावर खूण? नियमात बसत नाही! पत्त्याची चिठ्ठी काउंटरवर छापून लागते, त्याखेरीज अक्षरही नको." मी म्हटलं, काका, हे जाणारच नाहीये. पण ते इतके हळवे झाले होते की ऐकेनात. "नमुना म्हणजे नमुना," असं म्हणून त्यांनी दोन्ही खोक्यांना स्वतःच्या हाताने तपकिरी कागद चढवला. पस्तीस वर्षांचा हात. घड्या अशा की एक खोकं दुसऱ्याचा आरसा वाटावं.

मी घाबरले नाही. मी सावध बाई आहे. डावीकडचं चाचणीचं, उजवीकडचं खरं. मी मोठ्याने तीनदा म्हटलं, आणि दोन्हीवर नजर रोखून बसले.

आणि तेवढ्यात भिंगरी फिरत फिरत टेबलाकडे आली.

टेबलाला टोप्या नव्हत्या! तिचं कपाळ बरोबर कोपऱ्याच्या उंचीवर येतं. मी झेप घेतली आणि कोपऱ्यावर तळहात धरला. ती दुसऱ्या कोपऱ्याकडे गेली, मी तिकडे. त्या दिवशी आमच्या घराला सोळा कोपरे परत आले होते आणि माझे हात दोनच होते. टेबलावरून टीपॉय, टीपॉयवरून टीव्हीचं कपाट, तिथून पलंग. अर्ध्या मिनिटाने तिला कडेवर घेऊन परत आले, तर खोकी आपापल्या जागी, डावं डावीकडे, उजवं उजवीकडे, आणि टेबल चकचकीत.

ते टेबल चकचकीत आहे याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

चाचणी मोठ्या थाटात झाली. डावीकडचं खोकं दहा वेळा पडलं. दर वेळी भिंगरी टाळ्या पिटून "पुन्ना!" म्हणायची आणि आई डोळे मिटायच्या. मग जिना. नवऱ्याने खोकं वरच्या पायरीवर ठेवलं, पोस्टकाकांनी अनुभवी पायाने त्याला जी लाथ घातली तीत पस्तीस वर्षं दिसली. बारा पायऱ्या, बारा धडधडाट, आणि शेवटी बदलीकाकूंच्या पायाशी शांतता. काकूंनी खोकं उचलून हलवलं. आवाज नाही. काकांनी हलवलं. आवाज नाही.

"उघडा, उघडा!" मी म्हटलं.

"अगं, सव्वादोन वाजले," आई म्हणाल्या. "तुझं जायचं आधी बघ. माझी किटली मी तू आल्यावर उघडेन. कुठे पळून जात नाही ती."

उजवीकडचं खोकं घेऊन मी रिक्षा गाठली. काउंटरवर रांग होती, माझ्या पुढच्याकडे फॉर्म नव्हता, त्याच्या पुढच्याकडे पेन नव्हतं. पण मी तयारीनिशी आले होते. माझा फॉर्म तीन प्रतींत. "आत काय?" मातीची किटली, एक. "अन्नपदार्थ, बी, रोप, मूळ, कंद किंवा वनस्पतीचा कोणताही भाग आहे का?" नाही. त्या "नाही" खाली मी ठळक रेघ ओढली होती, एक नाही, दोन. काउंटरवरच्या बाईंनी खोकं काट्यावर ठेवलं. फॉर्मवरचं वजन आणि काट्यावरचं वजन ग्रॅमला ग्रॅम जुळलं. बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. "इतकं बरोबर कोणी लिहीत नाही," त्या म्हणाल्या. मी घरी पोचेपर्यंत ते वाक्य मनात चघळत होते.

घरी सगळे टेबलाभोवती जमले होते. आईंनी चष्मा लावला. तपकिरी कागद निघाला, मोठं खोकं, मणी, टोप्या, आतलं खोकं. सगळं जागच्या जागी. मग बबल रॅपचा शेवटचा पदर निघाला आणि आतून एक तोटी डोकावली.

निळी.

आईंच्या किटलीत निळं काहीच नव्हतं.

आईंनी चष्मा पुसून परत लावला. मग नवरा म्हणाला, "पण पॅकिंग मात्र उत्तम झालंय हां. तोटीसकट."

"आई," मी अगदी हळू विचारलं, "तुम्ही टेबल पुसलंत का?"

"हो. मग? पुसून जागच्या जागी ठेवलं की." आईंनी हातवारे करून दाखवलं. एक खोकं या हातात, एक त्या हातात, फडकं दातात. आणि ठेवताना हात ओलांडून. "माझी किटली कुठाय?"

कोणी सांगायचं? शेवटी बदलीकाकूंनी सांगितलं. बाराव्या बदलीचा अनुभव त्यांच्याकडेच होता. "गेली ती," त्या म्हणाल्या. "परदेशी."

आई खुर्चीवर बसल्या. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "माझ्याआधी ती गेली बाई विमानाने."

"आणि बटाटा," नवऱ्याच्या तोंडून निसटलं.

पोस्टकाका पांढरे पडले. "बटाटा? आत बटाटा आहे? सूनबाई, फॉर्ममध्ये कंद असा शब्द असतो!"

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "मी त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत."

सोमवारी सकाळी मी चौकशीच्या खिडकीशी हजर. बाई त्याच होत्या.

"पार्सल परत हवंय," मी म्हटलं.

"कारण?"

"चुकून दुसरंच गेलं."

"आत काय आहे?"

"किटली."

"आणि तुम्ही काय पाठवणार होता?"

"किटली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग चुकलं काय?"

मी बटाट्याचं बोलणार होते. पण मागे रांगेत चौदा माणसं होती आणि ती सगळी पुढे झुकून ऐकत होती. मी आवाज खाली आणून सांगितलं. बाईंनी आवाज मुळीच खाली न आणता विचारलं, "बटाटा? तुम्ही बटाटा परदेशी पाठवलात?" रांगेतला एक जण म्हणाला, "तिकडे मिळत नाही का हो?"

मी ताठ मानेने अर्ज केला. आणि इथे माझ्या हुशारीने माझाच गळा धरला. निळी किटली बरोबर आणली होतीच, म्हटलं हीही आत्ता घ्या, पुढच्या शुक्रवारी पाठवा. उशिरा तर उशिरा.

"घेता येणार नाही," बाई म्हणाल्या. "या पत्त्यावरच्या पार्सलाबद्दल तुमची चौकशी चालू आहे. चौकशी मिटेपर्यंत त्याच पत्त्यावर दुसरं घेत नाही."

"मग अर्ज मागे घेते."

"पार्सल परत आल्यावर मागे घेता येतो."

"अहो, पार्सल परत यावं म्हणून तर अर्ज आहे!"

"तेच म्हणते मी," बाई समजुतीने म्हणाल्या. "अर्ज बरोबर आहे तुमचा. इतका बरोबर कोणी लिहीत नाही."

खासगी कुरियरवाल्याला फोन केला. त्याने "किटली" एवढं ऐकलं आणि फोन आपल्या सहकाऱ्याला दिला, सहकाऱ्याने "मातीची" ऐकलं आणि फोन ठेवला.

नवरा म्हणाला, "दुकानवाल्या बाईंना काही सांगू नकोस. फुटली तर फुटली, पोचली तर पोचली." मला क्षणभर मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण निळी किटली बनवणाऱ्या बाईने टवका गेलेली पांढरी किटली पाठवायची आणि वर गप्प बसायचं? मी त्याच दिवशी सगळं लिहिलं. टेबल, फडकं, बटाटा, मोजासुद्धा. शेवटी लिहिलं: "माझी किटली इथे आहे, तोटीसकट. तुमच्याकडे येतेय ती माझ्या सासूबाईंची आहे. ती फुटली तर कृपा करून तुकड्यांचा फोटो पाठवू नका. त्या बघतील."

उत्तर आलं ते एका ओळीचं. "मी वाट बघते आहे."

मग सुरू झाला तो प्रवास. पार्सल कुठे पोचलं ते फोनवर दिसायचं. दिसायचं म्हणजे, मी दिवसातून चाळीस वेळा बघायचे. जिन्यात कोणी भेटलं की विचारायचं, "काय गं, बटाटा कुठवर आला?" किटलीबद्दल कोणी विचारेना. नवऱ्याच्या कचेरीतही बातमी गेली. पोस्टकाका रोज संध्याकाळी येऊन एखादा नवा नियम आठवून जायचे. "आमच्या वेळी एकाने कांदा पाठवला होता," ते म्हणाले, आणि पुढे काय झालं ते सांगायचंच टाळलं.

आई मात्र चहा पातेल्यातून गाळत होत्या. मी नवी निळी किटली पुढे केली. "राहू दे. ती चाळिसांतली एक आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी चाळीस धरूनच ठेवल्या होत्या, हे माझ्या लक्षात आलं, आणि माझी झोप पार उडाली. माझा हट्ट आता एकटीचा राहिला नव्हता.

बाराव्या दिवशी फोनवर अक्षरं बदलली: "तपासणीसाठी थांबवले." सहा दिवस तीच अक्षरं. मी डोळ्यांसमोर बघत होते: एक दांडगा अधिकारी, हातात सुरी, खोकं फाडतोय, मणी उडताहेत, तोटीला धरून किटली उपसतोय, बटाटा उंच धरून ओरडतोय. आणि मग सगळं कोंबून परत खोक्यात. पॅकिंग माझं कितीही शास्त्रशुद्ध असलं तरी परत भरणारे हात माझे नसणार. झालं, संपलं. शुभेच्छा.

महिन्याच्या शेवटून दुसऱ्या दिवशी बाईंचं पत्र आलं. बरोबर तीन फोटो. मी फोन आईंच्या हातात दिला आणि डोळे मिटले. दहा वेळा पाडताना त्यांनी मिटले होते, आता माझी पाळी होती.

"आहे की," आई म्हणाल्या.

"काय आहे?"

"माझी किटली. तोटी आहे, कान आहे, दोरापण आहे." मग जरा थांबून, "टवका तोच आहे गं. नवीन एकही नाही."

दुसऱ्या फोटोत एक छापील चिठ्ठी होती. बाईंनी अर्थ लिहिला होता: "वनस्पतिजन्य वस्तू, एक, काढून नष्ट करण्यात आली. मोजा परत ठेवण्यात आला."

आणि तिसरा फोटो. तो मी अजून जपून ठेवला आहे. माझा चौदा पायऱ्यांचा कागद. प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने खूण. एक ते चौदा, उघडताना. आणि त्या खुणांच्या शेजारी दुसऱ्या खुणा, चौदा ते एक, परत बांधताना. कुठल्यातरी देशातल्या, मला कधीच न भेटणाऱ्या अधिकाऱ्याने, पेन्सिल घेऊन, एकही पायरी न गाळता आईंची किटली उघडली होती आणि तशीच परत गुंडाळली होती. नवव्या चित्रापाशी तर त्याने एक छोटा बाण काढला होता. तिथे मी चिकटपट्टी दाखवायची विसरले होते.

मी तो फोटो नवऱ्यासमोर धरला. काही वाक्यं न बोलण्यातच खरी मजा असते.

"शहाणी माणसं असतात हो," आई फोटोकडे बघत म्हणाल्या. "पेन्सिल घेऊन उघडतात."

पत्रात शेवटी लिहिलं होतं: "मी म्हटलं होतं, एक किटली तोटीसकट. कोणाची ते म्हटलं नव्हतं. चाळीस पाठवा. सासूबाईंची किटली त्याच खोक्यात, त्याच कागदाप्रमाणे मी उलट पाठवते आहे. बटाट्याचं मात्र काही करता आलं नाही."

किटली सतरा दिवसांनी घरी आली. आईंनी ती स्वतः उघडली, कागदाप्रमाणे, प्रत्येक चौकोनापाशी थांबून. चौकोनांत आधीच इतक्या खुणा होत्या की त्यांना समासात खूण करावी लागली. त्या दिवशी चहा किटलीतून आला, आणि पहिल्यांदाच धुवायला ती आईंनी माझ्या हातात दिली.

काल चाळीस किटल्या भट्टीतून आल्या. आता आठ-आठ किटल्यांची पाच मोठी खोकी करायची आहेत. खोकं मोठं, वजन जास्त, आतली मांडणी नवी, म्हणजे परीक्षाही नवी. पोस्टकाका पायात बूट घालून तयार बसले आहेत. मी चाचणीच्या खोक्यात सात विटा लावल्या आणि आठव्या जागेपाशी थांबले.

आई आल्या, हातात पांढरी किटली. ती त्यांनी आठव्या जागेत ठेवली. वरून पट्टी लागली, तपकिरी कागद चढला, आणि ती सहाही खोकी एकसारखी दिसायला लागल्यावर आईंनी चाचणीचं खोकं दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतलं आणि खुर्चीत ठाण मांडलं.

मग पदराला खोचलेलं फडकं काढून माझ्याकडे फेकलं.

"हे मी धरून बसते," त्या म्हणाल्या. "टेबल आज तू पूस."